सीडी आधी उलटी करा, मग लावा

जपानमधल्या कावासाकी शहरात नोकरीला होते तेव्हा माझं जपानी अर्धवट होतं. बोललेलं निम्मं डोक्यावरून जायचं, वाचलेलं कळायचं. पुण्यात परीक्षेसाठी घोकलेली कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, शेवटी कामी आली ती जुन्या सीडींच्या दुकानात! म्हणून 'पिझ्झा ऑफ डेथ' या लेबलचा, म्हणजे सीडी काढणाऱ्या कंपनीचा, इतिहास ज्यांना समजून घ्यायचाय त्यांना एवढंच सांगते: गाणं लावायच्या आधी डबी उलटी करा आणि ही सीडी कुणी काढलीय ते बघा.

हे लेबल हाय-स्टँडर्ड या पंक बँडचं. १९९१ मध्ये सुरू झालेला बँड. नाम्बा अकिहिरो बास वाजवत गातो, योकोयामा केन गिटारवर, ड्रम्सवर होता त्सुनेओका अकिरा. गाणी इंग्रजीत आहेत, त्यामुळे जपानी येत नसलं तरी अडणार नाही. (उच्चारांना कान सरावायला मात्र दोन-तीन दिवस द्या.)

सुरुवात 'ग्रोइंग अप' या आल्बमच्या सीडीपासून करा. १९९५ साली जपानात ती टॉइज फॅक्टरी या मोठ्या कंपनीने काढली. निर्माता होता अमेरिकेतल्या एनओएफएक्स या पंक बँडचा फॅट माइक, आणि पुढच्या वर्षी त्याच्याच फॅट रेक कॉर्ड्स या लेबलने ती अमेरिकेत आणली. वादक स्वतःचं लेबल कसं चालवतो, हे या पोरांना असं जवळून पाहायला मिळालं. जपानी प्रत हवी असेल तर 'ओबी', म्हणजे डबीच्या कडेची कागदी पट्टी, शाबूत आहे का बघा. मी ओबी हरवली असेल म्हणून स्वस्तात एक प्रत उचलली आणि घरी येऊन बघते तर ती अमेरिकन!

'पिझ्झा ऑफ डेथ' हे नाव तसं आधीपासूनचं, पण तेव्हा ते टॉइज फॅक्टरीच्या घरातलं पोटभाडेकरू होतं. १९९९ मध्ये त्यांनी स्वतंत्र बिऱ्हाड थाटलं. कंपनी झाली आणि गिटार वाजवणारा योकोयामा तिचा अध्यक्ष. त्याच जूनमध्ये 'मेकिंग द रोड' आली आणि जगभरात दहा लाखांवर खपली. मोठ्या कंपनीचं छत्र सोडल्यावरचा हा पहिलाच आल्बम! 'ग्रोइंग अप'नंतर त्याच संध्याकाळी हा लावा. मधला 'अँग्री फिस्ट' नंतर ऐकला तरी चालेल. 'स्टे गोल्ड'पाशी आवाज वाढवा, शेजारी काय म्हणतील ते म्हणू देत.

इथेच बरेचजण थांबतात, कारण २००० मध्ये चिबाच्या स्टेडियमवर त्यांचा 'एअर जॅम' महोत्सव झाला आणि मग बँडच थांबला. लेबल थांबलं नाही. योकोयामाचा दुसरा बँड बीबीक्यू चिकन्स ऐका. गाणी इतकी आखूड, की चहाला उकळी फुटेपर्यंत चार-पाच संपतात. मग योकोयामाने स्वतःच्या नावाने काढलेला २००४ चा आल्बम. आणि कुमामोतोचा वानिमा हा बँड जरूर: २०१५ चा त्यांचा 'आर यू कमिंग?' याच लेबलवर आहे. अध्यक्षाच्या बँडवाचूनही दुकान चालतं, याचा पुरावा हाच.

२०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर सप्टेंबरात हाय-स्टँडर्ड योकोहामात पुन्हा एकत्र वाजले, पुढच्या वर्षी आपत्तीग्रस्त मियागीत. पण नवी सीडी नव्हती.

५ ऑक्टोबर २०१६. ना जाहिरात, ना बातमी. दुकानांतल्या फळीवर 'अनदर स्टार्टिंग लाइन' थेट मांडलेली. सोळा वर्षांनी आलेलं सिंगल! ऑफिसातला एकजण जेवणाच्या सुट्टीत फोन पुढे धरून म्हणाला, "हे खरंय का बघ." संध्याकाळी मी गेले तेव्हा रांगेत माझ्यापुढे टाय लावलेले चाळिशीचे पुरुष होते, सगळे गप्प. सीडी हातात आल्यावर सवयीने उलटी केली. पाठीवर 'पिझ्झा ऑफ डेथ'.

त्सुनेओका २०२३ च्या फेब्रुवारीत गेला. एवढं सगळं ऐकून झालं की 'मेकिंग द रोड' पुन्हा लावा आणि या खेपेला फक्त ड्रम्सकडे कान द्या.