फिल्म प्रॉडक्शनच्या पदवीला शिकताय? या चुका टाळा

सेमिस्टर संपत आलं की विद्यार्थी हार्ड डिस्क घेऊन माझ्याकडे येतात. "एडिटमध्ये काहीतरी जमत नाहीये, जरा बघता का?" मी बघते, आणि बहुतेक वेळा एडिटमध्ये काहीच चुकलेलं नसतं. चूक तीन आठवड्यांपूर्वी लोकेशनवर झालेली असते, नाहीतर त्याच्याही आधी, कॉल शीट (शूटच्या दिवसाचं वेळापत्रक) लिहिताना. एडिटच्या टेबलावर ती फक्त उघडी पडते. म्हणून खाली प्रत्येक बिघाडाबरोबर तो मुळात कुठे होतो, हेही सांगते आहे. तिथेच तो थांबवता येतो.

आवाज: सगळ्यात जास्त फिल्म्स इथेच मार खातात

एका विद्यार्थिनीने स्वयंपाकघरातला एक प्रसंग आणला होता. आई आणि मुलगा, दोघंच. अभिनय सुरेख, प्रकाशही छान. पण आईच्या शॉटमागे बारीक घरघर होती आणि मुलाच्या शॉटमागे शांतता. आईचे टेक होताना फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होता, मुलाच्या वेळी तो आपोआप बंद पडला होता. त्यामुळे प्रत्येक कटला मागचा आवाज उडी मारत होता. तिने नॉइज काढायचं सॉफ्टवेअर लावून बघितलं, तर आईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. शेवटी डबिंग करावं लागलं आणि त्या टेकमधला तो श्वास, तो कंप गेला तो गेलाच.

उपाय साधा आहे. शूटच्या आधी फ्रिज, पंखे, एसी बंद करा. घर दुसऱ्याचं असेल तर फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी सवय आहे. आणि प्रत्येक लोकेशनवर किमान 30 सेकंद रूम टोन घ्या. सगळे जागच्या जागी उभे, दिवे तसेच, कोणीही हलायचं नाही. कटच्या मधल्या भेगा याच रिकाम्या आवाजाने बुजवायच्या असतात. पॅकअप सुरू झाल्यावर तो मिळत नाही, कारण तोपर्यंत खोलीच बदललेली असते.

दुसरी चूक म्हणजे माइक कॅमेऱ्यावर लावून निश्चिंत होणं. माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो, पण भिंतींवरून परतणारा घुमारा तेवढाच राहतो. गेन (रेकॉर्डरवर आवाज किती वाढवायचा तो) वाढवला तर दोन्ही सारखेच वाढतात, फरक काही पडत नाही. बूम (लांब दांडीवरचा माइक) फ्रेमच्या कडेला अगदी लागेल इतका जवळ आणा. बोलण्याचे चढाव उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. आणि कोणीतरी एकाने, फक्त एकाने, पूर्ण वेळ हेडफोन लावून ऐकायचं. मीटरचा काटा हलतो म्हणजे आवाज चांगला आहे असं नसतं, कपड्यावर घासणारा कॉलर माइकही काटा हलवतोच. नवे 32 बिट फ्लोट रेकॉर्डर पातळी चुकली तर सांभाळून घेतात, अंतर चुकलं तर नाही.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत

इथे आधी बघा, फरक सुरुवातीपासून सारखाच आहे की हळूहळू वाढतो आहे. सारखा असेल तर सिंक (चित्र आणि आवाजाची जुळणी) चुकलाय, क्लॅप (टेकच्या सुरुवातीला वाजवलेली पाटी) शोधा आणि पुन्हा जुळवा. वाढत जात असेल तर फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, घोळ आहे. कॅमेरा 23.976 वर आणि प्रोजेक्ट 24 वर, असं झालं तर 0.1 टक्क्याचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दहा मिनिटांच्या सलग टेकमध्ये तो 0.6 सेकंद होतो, म्हणजे चौदा फ्रेम. मोबाइलवर शूट केलं असेल तर आणखी एक अडचण असते. बरेच फोन फ्रेम रेट कमीजास्त करत रेकॉर्ड करतात, त्यामुळे एडिटला बसण्याआधी फाइल स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्यावी लागते. ऑडिओ 48 किलोहर्ट्झवरच घ्या, व्हिडिओच्या कामात तेच चालतं.

पहिल्या दिवशी, पहिल्या शॉटच्या आधी, कॅमेरा, रेकॉर्डर आणि प्रोजेक्ट यांचे आकडे एका कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पेटीवर चिकटवा. लांब टेक असेल तर शेवटीही पाटी उलटी धरून एक क्लॅप द्या. सुरुवात जुळली आणि शेवट नाही, हे मग दोन मिनिटांत कळतं.

वेळ: "सकाळी सहाला सुरू केलं तर होईल सगळं"

नाही होत. इथेच घोडं पेंड खातं, आणि याचा हिशेब करायला कोणी बसत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पानांवरून दिवस ठरत नाही, सेटअपवरून ठरतो. कॅमेरा हलवला, प्रकाश बदलला, की नवा सेटअप. नवख्या टीमला एका सेटअपला सरासरी अर्धा तास धरा: लाइट लावणं, फोकसच्या खुणा, एक तालीम, तीन-चार टेक. दहा तासांचा दिवस, त्यातला एक तास जेवणाचा, सुरुवातीचा दीड तास सामान लावण्यात, शेवटचा अर्धा तास आवरण्यात. उरले सात तास, म्हणजे चौदा सेटअप. आता तुमची शॉटलिस्ट काढा आणि मोजा. मी बघितलेल्या याद्यांमध्ये एका दिवसाला सव्वीस, तीस असे आकडे असतात. मग संध्याकाळी चारनंतर घाई सुरू होते, आणि नेमका भावनिक प्रसंग दिवसाच्या शेवटी ठेवलेला असतो, कारण "तो शांतपणे करू" असं ठरलेलं असतं. तो दोन टेकमध्ये उरकला जातो.

शॉटलिस्टमध्ये प्रत्येक शॉटपुढे अ, ब किंवा क लिहा. अ म्हणजे याच्याशिवाय गोष्ट कळणार नाही. आधी सगळे अ. सगळ्यात अवघड प्रसंग जेवणाच्या आधी संपवा. आणि हे घड्याळ दिग्दर्शकाच्या हातात देऊ नका. ते काम सहायक दिग्दर्शकाचं आहे, त्याला "आता पुढे चला" म्हणायचा अधिकार सगळ्यांसमोर द्या.

तालमीलाही लोक वेळ देत नाहीत. 1919 साली मॉस्कोत सरकारी फिल्म स्कूल सुरू झालं. त्या काळात कच्ची फिल्म मिळेनाशी झाली होती, तेव्हा लेव्ह कुलेशोव्ह यांच्या गटातले विद्यार्थी फिल्मशिवाय फिल्म करायचे. प्रसंग शॉट्समध्ये तोडायचे आणि ते तुकडे एकामागून एक मंचावर सादर करायचे. तुम्हीही कॅमेरा न घेता एक संध्याकाळ लोकेशनवर घालवा. अभिनेता दारातून आत येऊन खुर्चीपर्यंत पोचायला किती पावलं टाकतो, हे तिथेच कळतं, आणि निम्म्या शॉट्सची गरज नव्हती हेही.

"एडिटमध्ये बघून घेऊ"

हे वाक्य सेटवर ऐकलं की मी वाईट वाटून घेते, कारण त्याचा अर्थ असतो की एक निर्णय टाळला गेला. दोन पात्रं बोलत आहेत, त्यांच्यामध्ये एक रेषा आहे असं समजा. कॅमेरा रेषेच्या एकाच बाजूला राहिला तर दोघं एकमेकांकडे बघताना दिसतात. एका क्लोजअपसाठी पलीकडे गेलात तर दोघंही एकाच दिशेला बघू लागतात आणि प्रेक्षक गोंधळतो. रेषा ओलांडायचीच असेल तर कॅमेरा चालत्या शॉटमध्ये ओलांडा, किंवा मध्ये रेषेवरचा तटस्थ शॉट घ्या. आणि प्रत्येक प्रसंगात निदान दोन कटअवे, म्हणजे मध्ये घालता येणारे छोटे शॉट: हात, खिडकी, टेबलावरची वस्तू, काहीही. संवादातली दोन वाक्यं कापायची वेळ येते तेव्हा तेच तारून नेतात.

प्रतिमा लुकलुकते? शटर आणि वीज जुळलेली नाही. 50 हर्ट्झच्या विजेत शटर 1/50 ठेवा. 24 फ्रेमवर शूट करत असाल आणि कॅमेऱ्यात शटर कोनाने मोजत असाल तर 172.8 अंश. 60 हर्ट्झ असेल तर 144 अंश. फोकस सतत सुटतो? लेन्स पूर्ण उघडी ठेवून चालत्या माणसावर फोकस धरणं अनुभवी माणसालाही जड जातं. लेन्स थोडी बंद करून एफ 4 वर या, लाइट वाढवा. पार्श्वभूमी धूसर नसली तरी फिल्म बघता येते.

कार्ड आणि फोल्डर

भरलेलं कार्ड फॉर्मॅट झालं की एका दिवसाची सगळ्यांची मेहनत जाते. भरलेल्या कार्डावर लाल टेप लावा. दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी झाली, दोन्हीकडच्या क्लिप उघडून बघितल्या, मगच टेप काढायची. तिसरी प्रत दुसऱ्या घरात. कार्डातून फक्त क्लिप ओढून घेऊ नका, पूर्ण फोल्डर जसंच्या तसं घ्या, कारण आतल्या छोट्या फाइलींवरून काही कॅमेऱ्यांच्या क्लिप ओळखल्या जातात. "मीडिया ऑफलाइन" हा लाल पडदा दिसतो तो बहुतेक वेळा कोणीतरी मध्येच फाइलींची नावं बदलली म्हणून.

पिक्चर लॉक, म्हणजे चित्राचा एडिट पक्का झाला, म्हटलं की लॉक. त्यानंतर चार फ्रेम जरी कापल्या तरी ध्वनी आणि संगीत करणाऱ्याचं सगळं काम तिथून पुढे सरकतं.

सगळ्यांनाच दिग्दर्शक व्हायचं असतं

पहिल्या वर्षी ते स्वाभाविक आहे. पण तीन वर्षं फक्त स्वतःचीच फिल्म करत राहिलात तर शेवटच्या वर्षी तुमच्यासाठी बूम धरायला कोणी मनापासून येणार नाही. पहिल्या दोन वर्षांत एकदा ध्वनी, एकदा सहायक दिग्दर्शन, एकदा कंटिन्युइटी (एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतं का हे बघणं) करा. कंटिन्युइटी करणाऱ्याला कट कसे पडणार हे सेटवरच दिसायला लागतं. ती नजर दिग्दर्शनात कायम उपयोगी पडते.

विद्यापीठाच्या गुणांचंही बोलते, कारण त्यावरून रडू आलेली मुलं मी पाहिली आहेत. फिल्मबरोबर निर्मितीची फाइल आणि स्वतःच्या कामावरचं टिपण मागितलेलं असेल, तर ते आदल्या रात्री लिहिता येत नाही. शूटच्या प्रत्येक दिवशी रात्री दहा ओळी लिहा: काय ठरलं होतं, काय झालं, का बदललं. इतिहासाच्या आणि सिद्धांताच्या तासाला बुट्टी मारून मिळवलेला वेळ याच टिपणात भरून द्यावा लागतो, कारण आपण घेतलेल्या निर्णयाला शब्दच सापडत नाहीत.

कागदपत्रं

अभिनेत्यांची लेखी संमती शूटच्या आधी घ्या, नंतर नाही. आवडतं गाणं वापरायचं असेल तर दोन परवानग्या लागतात: रचनेचे हक्क ज्याच्याकडे त्याची, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्याच्याकडे त्याची. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. वर्गात दाखवताना कोणी विचारणार नाही, पण महोत्सवाला पाठवताना फॉर्मवर तुम्हाला सही करावी लागेल. संगीत शिकणारा एखादा विद्यार्थी आधीपासून सोबत घ्या.

जमा करण्याआधी

शेवटची तारीख असेल त्याच्या आदल्या दिवशी एक्स्पोर्ट संपलेला हवा. ती एक्स्पोर्ट झालेली फाइलच, टाइमलाइन नव्हे, दुसऱ्या मशीनवर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत न थांबवता बघा. एकदा हेडफोनवर, एकदा मोठ्या स्पीकरवर. मग श्रेयनामावली छापून घ्या आणि प्रत्येक नाव ज्याचं त्याला पाठवून विचारा, "तू असंच लिहितोस ना?" मागच्या वर्षी एका फिल्ममध्ये दोन रात्री पावसात बूम धरून उभ्या असलेल्या मुलीचं आडनाव चुकलं होतं. फिल्म तिच्या आई-वडिलांसमोर दाखवली गेली, आणि दुरुस्त करायला तेव्हा काहीच हातात नव्हतं.