कारवी पाहायला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक वर्षाची. कारवी म्हणजे सह्याद्रीच्या डोंगरउतारांवरचं जांभळ्या फुलांचं झुडूप; ती आठ वर्षांतून एकदाच फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ च्या पावसाळ्यात बहरली; आता पुढचा मोठा बहर २०३२ चा. मधल्या वर्षांत एखाद्या चुकार झुडपावर जांभळी फुलं दिसतात. तेवढ्यावरून ‘कारवी आली’ म्हणून फोटो फिरवू नका, लोक उगाच हेलपाटा घालतात. शिवाय सगळ्या डोंगरांचं साल एक नसतं.

दुसरी गफलत नावाची. मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. ती कारवीच्याच कुळातली, पण कारवी नव्हे. कासची टोपली कारवीसुद्धा वेगळी. ती बुटकी, पालथ्या टोपलीसारखी गोल असते. आपली कारवी पुरुषभर, कधी त्याहूनही उंच, सरळसोट वाढते. फुलं नसतील तेव्हा पान न तोडता बोटांनी चाचपा: समोरासमोर जोडी, दातेरी कड, ठसठशीत शिरा आणि खरखरीत स्पर्श.

खरं नुकसान होतं ते बहर सरल्यावर. फुलून झालं की अख्खं झुडूप वाळतं. उतारच्या उतार तपकिरी पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं, रोग पडला, नाहीतर वणवा लागून गेला. मग ‘मेलेलंच आहे’ म्हणून काठ्या मोडल्या जातात. पण त्या काठ्यांवरच्या बोंडांत बी पिकत असतं. पुढल्या पावसाच्या तोंडाशी बोंडं तडकतात, आतल्या आकड्यांच्या झटक्याने बी दूर उडतं आणि नवी पिढी रुजते. त्याआधी झुडूप तोडलं, तर पुढल्या आठ वर्षांचं बियाणंच गेलं. पाड्यांवर कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, वर शेणमातीचा गिलावा देतात. त्या माणसांना काठी कधी काढायची ते कळतं. हौशी फिरस्त्यांनी हात लावू नये.

ट्रेकर मंडळींनो, निसरड्या उतारावर हिरवी कारवी धरून उतरायची सवय आपल्याला असते. बहरानंतरच्या वर्षी ती सवय सोडा. वाळकी काठी भार पडताच कडकन मोडते.

आणि रोप घरी आणू नका. उद्यानातून काहीही उपटणं बेकायदा आहेच, पण गॅलरीतल्या कुंडीत सात पावसाळे नुसती पानं बघायची आणि एकदा फुललं की झाड गेलं, असा हा मामला. कुंडीच भरायची असेल तर अबोली लावा.