सोरायसिस: औषधाच्या आधी अंघोळ, तेल आणि टॉवेल

सोरायसिसची खपली नखाने ओढली की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. बहुतेकांचं पथ्य खाण्यात नाही, इथे मोडतं. निरोगी कातडीचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हा फेरा 3 ते 7 दिवसांत उरकतो आणि अर्धकच्च्या पेशींचे चंदेरी पापुद्रे साचतात. त्यात जिथे खरचटतं, भाजतं किंवा घासलं जातं, तिथे नवा चट्टा उठू शकतो. मूळ बिघाड शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत आहे. स्पर्शाने हा पसरत नाही, म्हणून ताट-वाटी आणि चादर वेगळी करायचं काही कारण नाही.

चरकांनी सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं सांगितली आहेत. त्यातलं एककुष्ठ घाम न येणारं, मोठ्या जागेवर पसरलेलं आणि माशाच्या खवल्यांसारखं असतं. वैद्य सोरायसिस बहुधा त्याच्याशी जुळवतात. (इथे कुष्ठ म्हणजे त्वचारोग, महारोग नव्हे. कागदावर हा शब्द वाचून घरचे हबकतात.) आजार दबतो, महिनोन्महिने शांत राहतो आणि पुन्हा डोकं वर काढतो. ‘मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

अंघोळ

सोलापूरची हवा कोरडी, आणि नळाला रोज पाणी नसल्याने वापरायला बोअरचं जड पाणी. त्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून माणूस साबण जास्त चोळतो आणि त्याचा थर कातडीवर बसतो. उपाय साधा आहे: अंग बोअरच्या पाण्याने धुवा, पण शेवटचे तीन-चार तांबे साठवलेल्या नळाच्या पाण्याचे घ्या. पाणी कोमट हवं, कढत नको. कढत पाण्याने खाज घटकाभर थांबते आणि तासाभरात दुप्पट होते. वेळ दहा मिनिटांच्या आत. साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना, चट्ट्यांना नाही. खाज फार असेल तर दोन मुठी कडुलिंबाचा पाला दोन लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा आणि बादलीत मिसळा. वज्री, काथ्या, घासणी, सगळं बाथरूमबाहेर.

आता टॉवेल. आपल्या गावचा टर्किश टॉवेल जगात जातो, पण नवा, खरखरीत टॉवेल खसाखसा फिरवला तर चट्ट्यांचं नुकसानच होतं. जुना, धुऊन मऊ झालेला पंचा घ्या आणि टिपा, पुसू नका. अंग किंचित ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल लावा. कोरड्या कातडीवरचं तेल नुसतं वर चकाकतं. ओल्या कातडीवरचं तेल आतलं पाणी कोंडून धरतं. तेल लावल्यावर लादीवर पाय जपून टाका.

काळ्या कुड्याचं तेल

तमिळनाडूच्या सिद्ध वैद्यकात, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैद्यकात, काळ्या कुड्याच्या झाडाला वेटपालै म्हणतात, आणि सोरायसिसला त्याच्या पानांचं खोबरेल वापरतात. ओळख पक्की हवी: काळ्या कुड्याच्या लांब शेंगा जोडीने लोंबतात आणि टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुट्या असतात. याच कुळात विषारी कण्हेर आहे, त्यामुळे माहीतगार सोबत नसेल तर तयार तेल विकत घेतलेलं बरं.

ताजी पानं 100 ग्रॅम घ्या, धुऊन फडक्यावर सावलीत पसरा. पाण्याचा थेंब राहिला तर तेलाला बुरशी येते. हातानेच फाडून काचेच्या बरणीत घाला आणि वरून 250 मिली घाण्याचं खोबरेल ओता. पानं बुडालीच पाहिजेत. तोंडाला झाकणाऐवजी पातळ मलमल बांधा. झाकणाखाली वाफ साचून तेलात उतरते आणि सगळा घाणा वाया जातो. पाच ते सात दिवस कडक उन्हात ठेवा, रात्री घरात घ्या, रोज एकदा कोरड्या चमच्याने हलवा. सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवसांतच तेल जांभळट दिसू लागतं. आठवड्यानंतरही रंग हिरवाच राहिला तर पानं सुकलेली होती किंवा झाड वेगळं होतं. ते तेल वापरू नका. गाळून गडद बाटलीत भरा. खवट वास आला की टाका.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून 48 तास थांबा. लालसर झालं नाही तर दिवसातून दोनदा, हलक्या हाताने, फक्त चट्ट्यांवर लावा. रक्त येत असलेल्या भेगांवर लावू नका. कपड्यांना जांभळे डाग पडतात, ते निघत नाहीत. जुनी चादर राखून ठेवा. डोक्यात जाड कोंडा असेल तर रात्री कोमट करून मुळाशी जिरवा, सुती फडकं बांधा, सकाळी रुंद दातांच्या कंगव्याने सुटतील तेवढ्याच खपल्या काढा. बाकीच्या उद्या. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत तेल बदलत बसलं तर कशाचा गुण आला हेच समजत नाही.

खाणं

विरुद्धाहार, म्हणजे आयुर्वेदानुसार एकत्र खाऊ नयेत असे पदार्थ, टाळा: दूध-मासे, दूध आणि आंबट फळं. शिकरण हीही त्याच यादीत, हे ऐकून पुष्कळांचं तोंड उतरतं. रात्री दही नको. ज्वारीची भाकरी, मूग, दुधी, पडवळ, कारलं यांवर भर द्या. शेंगाचटणी बंद करायची गरज नाही, प्रमाण कमी करा. पण खाण्यापेक्षा दारू, तंबाखू आणि वाढलेलं पोट यांचा वाटा मोठा असतो. ते तसंच ठेवून शिकरण सोडण्यात अर्थ नाही.

पोटात घ्यायचं औषध वैद्यांकडूनच

पंचतिक्त घृतात, म्हणजे पाच कडू वनस्पतींच्या औषधी तुपात, कडुलिंब, पडवळ, रिंगणी, गुळवेल आणि अडुळसा असतो. ते द्यायचं की नाही आणि किती, हे भूक, वजन आणि कोलेस्टेरॉल पाहून ठरतं. वमन (औषधाने उलटी करवणं) वसंतात, विरेचन (औषधाने जुलाब करवणं) शरदात करायची प्रथा आहे. त्याआधी काही दिवस वाढत्या मात्रेत तूप, मग शेक, नंतर पेजेपासून हळूहळू जेवण असा क्रम असतो. जुलाबाचं औषध घरी घेणं म्हणजे विरेचन नव्हे. सोलापुरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येईल.

बावची या वनस्पतीचं बी किंवा तेल लावून उन्हात बसलात तर फोड येऊ शकतात, आणि पोटात घेतल्यास यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीबद्दलही तशा नोंदी आहेत. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक गोळीत पारा आणि ताम्र (तांबं) असतं, रसमाणिक्य हे औषध हरताळापासून, म्हणजे आर्सेनिकच्या खनिजापासून करतात. वैद्य पोटातलं औषध महिनोन्महिने देत असतील तर यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सुरू करताना आणि मधूनमधून करून घ्या. नाव न लिहिलेल्या पुडीने चार दिवसांत लख्ख गुण आला तर आत स्टेरॉइड असल्याची शंका घ्या.

डॉक्टरांच्या गोळ्या मनाने थांबवू नका. स्टेरॉइड एकदम सोडलं की आजार अंगभर उसळू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लिथियम आणि क्लोरोक्वीननेही चट्टे वाढतात, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी वैद्य आणि डॉक्टर दोघांना दाखवा. सकाळी सांधे अर्धा तास आखडणं, बोट सॉसेजसारखं सुजणं, टाच दुखणं, अंगभर लाली, तापासह पुवाचे फोड: यांपैकी काहीही दिसलं तर घरचे उपाय बाजूला ठेवून सिव्हिलचा त्वचारोग विभाग गाठा. गरोदरपणात पोटात काही घेण्याआधी विचाराच.

चट्टे मोजायला रोग्याचाच तळहात वापरा: बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा सुमारे 1 टक्का. दर पंधरवड्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा. दहा तळहातांच्या वर गेलं तर नुसत्या तेलावर थांबायचं नाही. आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, जानेवारीच्या थंडीत तेल थिजलं तर बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा. गॅसवर ठेवू नका.