माल्मोत वीज स्वस्त कधी, ते असं बघा

स्वीडनमधल्या माल्मोत नव्यानं राहायला आलात की विजेसाठी दोघांशी गाठ पडते. एक तारवाले. दारापर्यंत तारा त्यांच्या, ते बदलता येत नाहीत. दुसरा वीज विकणारा, तो मात्र आपणच निवडायचा. मी पहिले चार महिने निवडलाच नाही. मग तारवाल्यांनी एक लावून दिला, आणि फुकट महाग पडला.

निवडायला सरकारी नियामकाचं भाव-तुलनेचं संकेतस्थळ 'एल्प्रिसकोलेन' उघडा. पिनकोड आणि वर्षाचे अंदाजे युनिट टाका. मोठ्या अक्षरांतल्या भावाला भुलू नका. युनिटमागे वरकड किती आणि महिन्याचा आकार किती, तेवढं बघा. घाईच्या घरात ठरलेला भाव बरा. कामं मागेपुढे ढकलता येत असतील तर दर पाव तासाला बदलणाऱ्या भावाचा करार घ्या.

मग रोज दुपारी एकच्या सुमारास उद्याचा भाव पाहायचा. बऱ्याचशा युरोपची विजेची बोली बाराला एकत्र बंद होते, त्यातून तो निघतो. ऑक्टोबर २०२५पासून दिवसाचे ९६ भाव असतात. हिवाळ्यात इथे एक वाजतो तेव्हा पुण्यात साडेपाच वाजलेले असतात; आईचा फोन आणि भाव एकदमच येतात. दिसतो तो आकडा बिनकराचा: २५ टक्के व्हॅट, वीजकर आणि तारांचं भाडं निराळं.

आपला विभाग चौथा आहे ना, हे नक्की करा. २०११पासून स्वीडनचे विजेसाठी चार भाग आहेत. उत्तरेतलं लुलियो पहिल्यात, तिकडे नद्यांची वीज, भाव बहुधा कमी. आपण जर्मनी-डेन्मार्कला केबलनं जोडलेले, म्हणून मी जर्मनीचं हवामानही बघते. १२ डिसेंबर २०२४ला तिथला वारा पडला आणि संध्याकाळी आमचाही भाव भडकला. उलट उन्हाळ्यात त्यांच्याकडे ऊन असलं की दुपारी आपल्याकडे कधी शून्याखालीही जातो.

डोसे मात्र भाव बघून घालू नका, भूक थांबत नाही. ढकलायचं ते भांड्यांचं मशीन. त्याच्या लेबलावर ए ते जी अक्षराखाली १०० धुण्यांचे युनिट लिहिलेले असतात, शंभरानं भागा. वीज वाचवणारी 'इको' धुलाई तीन तासांहून जास्त चालते, म्हणून मी झोपताना उशिरा सुरू होण्याचं बटण दाबते, रात्री दोनला. कपड्यांचं मशीन इमारतीचं सामायिक, तिथे पाळी मिळेल तीच वेळ.