पन्नास मीटर सुतळीवर मॅमथ: महाकाय प्राण्यांचा अंत मैदानात कसा मांडावा

महाकाय प्राणी माणसानं संपवले की हवामानानं, हे फळ्यावर लिहून पोरांच्या डोक्यात शिरत नाही. मैदानात सुतळी ताणा.

50 मीटर सुतळी घ्या. नायलॉनची दोरी नको. ओढली की लांबते, खुणा सरकतात. 1 मीटर म्हणजे 1,000 वर्षं, 1 सेंटीमीटर म्हणजे 10. एका टोकाला ‘आज’. माणूस पोचला तिथे लाल फीत, प्राणी संपले तिथे काळी, हवामान पालटलं तिथे निळी. अंतर टेपनंच मोजा, पावलांनी नाही.

ऑस्ट्रेलियाची लाल फीत अगदी टोकाला, 50 मीटरवर. माणूस तिथे निदान तेवढा जुना आहे. डिप्रोटोडॉनची (गेंड्याएवढा पिशवीवाला प्राणी) काळी फीत 40 ते 45च्या पट्ट्यात. निळी, म्हणजे हिमयुगाचा कडाका, थेट 21 मीटरवर. इथे थंडीवर ढकलणं जड जातं.

अमेरिकेत गाठ बसते. न्यू मेक्सिकोतले माणसाच्या पावलांचे ठसे 21 ते 23 मीटरवर. मॅमथ, मास्टोडॉन हे हत्तीचे नातलग गेले ते 13 ते 11 मीटरच्या दरम्यान आणि हवामानाची मोठी उलथापालथही नेमकी तिथेच. पोरांना भांडू द्या, निकाल देऊ नका. मात्र सैबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावरचे मॅमथ 4 मीटरपर्यंत टिकले, म्हणजे हवामान पालटूनही तग धरून होते, हे दाखवाच.

शेवटचा हात फूटपट्टीनं. स्टेलरची समुद्रगाय, म्हणजे समुद्रातला अवाढव्य शाकाहारी प्राणी, 1741 साली दर्यावर्दी बेरिंगच्या खलाशांना दिसली, 1768पर्यंत संपली. दोन फितींत जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर!

हमखास होणारी चूक: ‘इ.स.पू. 10000’ आणि ‘10,000 वर्षांपूर्वी’ एकच धरतात. फीत दोन मीटर चुकते.

‘एवढ्या थोड्या माणसांनी एवढे प्राणी कसे मारले?’ हे कुणीतरी विचारणारच. हत्तीचं उदाहरण द्या: गर्भ 22 महिने, एका वेळी एक पिल्लू, पुढचं चार-पाच वर्षांनी. असा कळप दरवर्षीची थोडीशी जादा शिकारही भरून काढू शकत नाही. एका झटक्यात कत्तल व्हावीच लागत नाही.

भारताची लाल फीत या सुतळीवर मावत नाही. तमिळनाडूत अत्तिरंपक्कमला सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची, माणसाच्या जुन्या जातभाईंची दगडी हत्यारं मिळाली. त्यासाठी दीड किलोमीटर सुतळी लागेल, साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्याच्या वाटेवर बरंच पुढे. इथलेही पाणघोडे आणि प्रचंड हत्ती गेले, पण नुकसान अमेरिकेपेक्षा कमी. या जातभाईंशी लाखो वर्षं गाठ पडल्यानं इथले प्राणी बुजरे झाले असावेत, असा एक तर्क आहे. कोयनेच्या रानातला गवा माणसाचा वास येताच कसा उधळतो, ते त्या भागातल्या पोरांनाच सांगायला लावा.