नेट कॅफेत पैसे भरायला निघण्याआधी

मोबाइल असताना नेट कॅफेत जायचंच कशाला, असं विचारणाऱ्यानं भरतीचा फॉर्म कधी भरलेला नसतो. फोटो इतक्या केबीत, सही तितक्या केबीत, मोबाइलवर 'सबमिट'चं बटण दिसायला तयार नाही, आणि शेवटी प्रिंट लागतेच. म्हणून आमच्या नागपुरात सीताबर्डी घ्या, मेडिकल चौक घ्या की नंदनवन, शेवटची तारीख आली की पोट्टे दुकानाबाहेर ताटकळत उभे. जा बाप्पा, पण तयारीनं जा. आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो, पुढंही सांगत राहणार आहे: खुर्चीतून उठण्याआधी फोनवर व्हॉट्सॲपचं 'लिंक्ड डिव्हाइसेस', म्हणजे तुमचं व्हॉट्सॲप आणखी कुठल्या मशीनवर उघडं आहे त्याची यादी, उघडून पाहा. मागच्या वेळी माझं तेवढंच राहिलं होतं.

फोन चार्ज, रिचार्ज शिल्लक, ओळखपत्र. हे सांगायला नको.

कार्ड घरीच ठेवा. ऑक्टोबर 2022 पासून खरेदीच्या साइटींना तुमचा कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी बदली कोड, चालतं, हे खरं. पण तो नियम साइटसाठी आहे. कॅफेच्या कीबोर्डवर तुम्ही बोटांनी टाइप केलेला नंबर तिथल्या तिथं टिपून घेणारं सॉफ्टवेअर असेल, तर टोकन काय करणार? बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करायची सोय 2020 पासून आहे. ती वापरा, लागेल तेव्हा चालू करा.

कागदपत्रं पेनड्राइव्हवर न्या. फोटो, सही, मार्कशीट, बस. आख्खं कपाट त्यात भरू नका, आणि परत आल्यावर तो पेनड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय घरच्या लॅपटॉपला लावू नका, कारण तिथून तो काही ना काही घेऊनच येतो. पेनड्राइव्ह कशासाठी, तर तिथं व्हॉट्सॲप उघडायची वेळच येऊ नये म्हणून. आधार मास्क केलेलं न्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथं पूर्ण नंबर मागितलाच असेल तिथं नाइलाज.

आता बसायची जागा. 2011 च्या सायबर कॅफे नियमांनुसार दुकानदारानं ओळखपत्र पाहून वहीत नोंद करायची असते आणि ती वर्षभर तरी जपायची असते, तेव्हा झेरॉक्स मागितली म्हणून वाद घालू नका. त्याच नियमांत आहे की पार्टिशन साडेचार फुटांहून उंच नको, आणि पार्टिशन नसेल तर स्क्रीनचं तोंड मोकळ्या जागेकडं हवं. म्हणजे तुमचा पासवर्ड मागच्याला दिसण्याची सोय कायद्यानंच करून ठेवली आहे. त्यात मे महिन्यात कूलरसमोरची खुर्ची पकडली, तर पाठीशी चार जण हवा खात उभे राहणारच. घाम आला तरी चालेल, कोपरा धरा. सीपीयूच्या मागं एकदा डोकावा. कीबोर्डची पिन आणि मशीन यांच्या मधे भलताच छोटा तुकडा लावलेला दिसला तर दुसरीकडं जा, दाबलेलं प्रत्येक बटण टिपणारं यंत्र असू शकतं ते. विचारत बसू नका.

ब्राउझर इनकॉग्निटोत, म्हणजे हिस्ट्री न साठवणाऱ्या खिडकीत, उघडा. मात्र त्यानं सगळं झाकलं जातं असं समजू नका. खिडकी बंद केली की हिस्ट्री आणि लॉगिन जातं, पण डाउनलोड केलेली फाइल तिथंच राहते आणि कीबोर्डवरची चोरी तर त्यानं थांबतच नाही. क्रोममध्ये आपल्या जीमेलनं साइन इन करू नका. सिंक चालू झालं की तुमचे साठवलेले पासवर्ड त्या मशीनवर उतरतात. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, शोधून वर आलेल्या पहिल्या लिंकवर भरवसा नको. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे मधे कोणी वाचत नाही एवढंच, समोरचा प्रामाणिक आहे असं नाही. 'पासवर्ड सेव्ह करू का?' नाही.

फॉर्ममध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच. 'दादा, माझाच टाकतो, लवकर होईल' असं दुकानातला पोट्टा म्हणेल. नको म्हणा. उद्या पासवर्ड विसरलात तर ओटीपी त्याच्याकडं जाणार. पैसे मात्र त्याच्या यूपीआयवरून भरून त्याला रोख दिले तर, माझ्या मते, त्यात फारसं वावगं नाही. रिफंड झाला तर तो त्याच्याच खात्यात जातो, हे ठाऊक असू द्या.

स्वतः भरणार असाल तर नेट बँकिंग नको, कार्ड नको. यूपीआयचा क्यूआर स्क्रीनवर घ्या, आपल्या फोननं स्कॅन करा, फोनवर आलेलं नाव आणि रक्कम वाचा, पिन आपल्याच फोनवर टाका. परक्या कीबोर्डला पैशाचा एकही आकडा लागत नाही. मधेच लाइट गेली तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेचा मेसेज पाहा. खात्यातून कापले आणि पलीकडं पोचल्याची खातरजमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यावेत आणि पुढं दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे.

आता प्रिंट. घात इथंच होतो. पैसे भरताना माणूस डोळ्यांत तेल घालून बसतो, 'सक्सेसफुल' दिसलं की सैल पडतो. पावती फोनवर आलेली असते, दुकानदार म्हणतो 'व्हॉट्सॲप वेब उघडा ना भाऊ', आपण क्यूआर स्कॅन करतो, प्रिंट मारतो, टॅब बंद करतो, निघतो. टॅब बंद म्हणजे लॉगआउट नव्हे! ब्राउझर बंद करणंही साध्या खिडकीत लॉगआउट नव्हे. तुमचा फोन खिशात बंद असला तरी ते व्हॉट्सॲप तिथं चालूच राहतं. फोनवर तुम्ही सलग 14 दिवस व्हॉट्सॲप वापरलंच नाही तर ते आपोआप तुटतं, पण असं कोण राहतं? दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन: 'काहून रे, पाच हजार कशाले लागते तुले?' मी काही मागितलं नव्हतं. माझ्या नावानं दुसऱ्याच कोणी मागितलं होतं.

म्हणून पावती त्याच पानावरून थेट छापा. व्हॉट्सॲप वेब उघडावंच लागलं तर लॉगआउट आपल्या फोनवरून करा: आयफोनवर सेटिंग्ज, अँड्रॉइडवर वरचे तीन ठिपके, मग लिंक्ड डिव्हाइसेस, त्या मशीनचं नाव, लॉगआउट. यादी रिकामी दिसेपर्यंत खुर्ची सोडू नका. मागं रांग असेल, दुकानदार खुणावत असेल, खुणावू द्या. लिंक्ड डिव्हाइसेस.

मग डाउनलोड्स आणि डेस्कटॉप. आपल्या फाइली शिफ्ट दाबून डिलीट करा, नाहीतर रिसायकल बिनमध्ये पडून राहतात. ई-आधारची फाइल असेल तर विशेष. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल, आणि या दोन्ही गोष्टी शेजारीच पडलेल्या तुमच्या फॉर्मच्या पीडीएफमध्ये छापलेल्या असतात. बिघडलेली प्रिंट तिथल्या डब्यात टाकू नका. पेनड्राइव्ह काढून घ्या.

घरी आल्यावर तिथं टाइप केलेले पासवर्ड आपल्या फोनवरून बदला. गुगल खात्यातली उपकरणांची यादी पाहा. व्हॉट्सॲपची पुन्हा एकदा पाहा, हो, पुन्हा. दोनचार दिवस बँकेचे मेसेज वाचत जा.

पैसे गेलेच तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही असा प्रकार असेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर भार येऊ नये, असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये ठरवून दिलं. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून रात्र असली तरी फोन करा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.