तडा गेलेली जुनी सायकल-फ्रेम ऑनलाइन विकताना

माळ्यावरून मोडकी सायकल-फ्रेम खाली काढली की घरात कोणीतरी म्हणतं भंगारवाल्याला द्या, आणि कोणीतरी म्हणतं इंग्लंडची आहे, सोन्याच्या भावाने जाईल. दोघांचंही ऐकू नका. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, जुन्या सायकलींच्या फ्रेम आणि सुटे भाग ऑनलाइन विकते. माझी पद्धत एकच आहे: नुकसान आधी शोधायचं, त्यावरून भाव काढायचा आणि जाहिरातीतही तेच आधी सांगायचं. मोडकी फ्रेम घेणारा माणूस बहुधा स्वतः सायकली जुळवणारा असतो. त्याला दुरुस्ती येते. त्याला फक्त हे हवं असतं की दुरुस्ती नक्की किती आहे.

फ्रेम केरोसीनच्या फडक्याने पुसा, बस. पॉलिश पेपर लावू नका, रंग तर मुळीच देऊ नका. मूळ काळा रंग, त्यावरच्या सोनेरी रेघा आणि पुढचा मोनोग्राम (कंपनीचा बिल्ला) जितके शिल्लक असतील तितकी गिऱ्हाइकाची ओढ जास्त. शिवाय नवीन रंगाखाली काय दडवलंय, ही शंका येते ती वेगळीच.

आता तडा. सध्या माझ्याकडे हंबर या इंग्लिश कंपनीची २४ इंची फ्रेम आहे, दुहेरी नळ्यांच्या चिमट्याची (चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग). हेडच्या, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीच्या, खालच्या लगपाशी (लग म्हणजे नळ्या जोडणारी बाही) केसाएवढी काळी रेघ दिसत होती. रंगाला सुरकुती आहे की लोखंडालाच चीर, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तिथे केरोसीन लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड चोळली. चीर असेल तर आत शिरलेलं केरोसीन बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. या फ्रेमवर अर्ध्या लगभर रेघ उमटली. तिचा फोटो त्याच वेळी, शेजारी पट्टी ठेवून काढला. जाहिरातीत तो पहिला लावला आहे.

हेडच्या मागे वरच्या दांड्याला आणि तिरक्या पाइपला खालून बोट फिरवून पाहा. तिथे फुगवटा किंवा रंगाची घडी लागली तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. मग मागच्या चाकाचा आस ज्यांत बसतो त्यांतल्या एका खाचेला दोरी बांधून ती हेडवरून फिरवून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा. दोरी आणि सीटचा पाइप यांतलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं आलं पाहिजे. थोडा फरक असेल तर पोलादी फ्रेम मिस्त्री सरळ करू शकतो, पण आकडा लिहा. पेडलचा आस बसतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या नळीत टॉर्च मारा. सीटच्या पाइपातून उतरलेलं पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून खातो.

ओळख सांगताना घाई नको. रॅले लिहिलंय म्हणून ती इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचीच असं नाही. सेन-रॅले या सायकली आपल्याकडे आसनसोलला बनत होत्या. सीटच्या लगवरचा नंबर, मोनोग्राम आणि खाचांचे जवळून फोटो द्या. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चर कंपनीचा हब (चाकाचा मधला तुंबा) असेल तर त्यावर बरेचदा साल कोरलेलं असतं, पण चाक बदललेलं असू शकतं. म्हणून हबचं साल ते फ्रेमचं साल, असं छातीठोकपणे लिहू नका. खात्री नसेल तर फक्त फोटो द्या, जाणकार स्वतः ओळखतात.

भावाचा हिशेब असा. तशीच धड फ्रेम खरोखर कितीला गेली ते विकणाऱ्यांना विचारा. जाहिरातींतले आकडे मागणीचे असतात, विक्रीचे नव्हेत. समजा धड फ्रेम ६००० ला जाते. मिस्त्रीकडून तडा पितळेने झाळून घ्यायला १२०० लागतील आणि झाळलेल्या जागेचा रंग जळेल, त्याचे १००० धरा. उरले ३८००. आतलं आणखी काही निघालं तर, म्हणून घेणारा अजून पाव भाग तरी कापणारच. म्हणजे २८५० च्या आसपास सौदा होईल, आणि घासाघीस गृहीत धरून मी ३३०० लावीन. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. मोनोग्राम आणि चिमटा वेगळे विकून जास्त पैसे येतात हे खरं, पण हंबरचा तो चिमटा काढून घेतला की मागे राहतं ते कोणाचंच नसतं. मी तसं करत नाही.

“ताई, फायनल किती?” असा मेसेज पाच मिनिटांत येतो. त्याला मी पट्टीवाला फोटो पाठवते आणि विचारते, झाळून घेणार की भिंतीवर लावणार? उत्तर देणारा घेणारा असतो. चालवायला घेणार असेल तर झाळून, तपासून घेतल्याशिवाय तिच्यावर बसू नका, हे स्पष्ट लिहून पाठवा. हेडची लग चालत्या सायकलवर तुटली तर माणूस तोंडावर पडतो.

पाठवण्याचा खर्च आधी काढा. बऱ्याच कुरिअर कंपन्या वजनाऐवजी खोक्याचा आकार धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. चिमट्यासकट १२०×७०×२० चं खोकं म्हणजे ३३.६ किलोचं भाडं. चिमटा काढून फ्रेमच्या पोटात बांधला तर १०५×७०×१६, म्हणजे २३.५. मागच्या खाचांमध्ये लाकडाचा ठोकळा घाला, नाहीतर वाटेत त्या दाबल्या जातात. मुंबई-दिल्ली मार्गावरच्या गावी पाठवायची असेल तर बडोदा स्टेशनच्या पार्सल ऑफिसातही विचारून या.

पैसे घेताना क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला कोणी सांगितलं तर तिथेच थांबा. पैसे मिळवायला पिन लागत नाही. रक्कम बँकेत आलेली पाहूनच खोकं बंद करा. आत एक कागद ठेवा: फ्रेम नंबर, तडा कुठे आणि किती लांब, “जशी आहे तशी विकली”, तारीख, सही. त्याचा फोटो स्वतःकडेही ठेवा.